तिथे रस्ता नव्हता, दादा

दादा,

मी अजून तुझ्यावर रागावलेली आहे. माणूस गेला की त्याच्यावरचा राग आपोआप मावळतो, असं लोक धरून चालतात. तुझ्या फोटोला हार घालून झाला तेव्हा सगळे माझ्याकडे त्याच अपेक्षेने बघत होते. आता मेधा रडेल, वहिनीच्या गळ्यात पडेल, बहीणभावांमधलं जे काही होतं ते मिटेल. मी चहाचे रिकामे कप उचलले आणि आत निघून गेले.

इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या अंकासाठी तुझ्यावर काहीतरी लिहून दे असं मला सांगितलंय. तुझा जन्म, शिक्षण, नोकऱ्या, गणपतीच्या नाटकात पडदा ओढायला तू कसा कायम हजर असायचास, हे सगळं मंडळाचे चिटणीस लिहितील आणि माझ्यापेक्षा गोड लिहितील. मी तुलाच लिहितेय, कारण आपलं भांडण अर्धं राहिलं आणि तू नेहमीसारखा मध्येच उठून गेलास.

त्या फोनपासून सुरू करते. तेव्हा आपण दोघंही फरीदाबादला बाबांच्या घरी राहत होतो. बाबांची ट्रॅक्टरच्या कारखान्यातली नोकरी संपत आली होती, तू ओखल्याला एका सॉफ्टवेअर कंपनीत होतास, मी नोएडात. गुडगावात काचेच्या इमारती उठत होत्या आणि ज्याच्या त्याच्या तोंडी नवा सेक्टर, नवी सोसायटी, नवा फ्लायओव्हर. अशा दिवसांत तू एका मित्राबरोबर परदेशातून तो फोन मागवलास. साबणाच्या वडीसारखा जाड, गोलसर. आईने विचारलं, यावर बोलता येतं का? तू म्हणालास, येतं, पण समोरच्याला स्वतःचाच आवाज ऐकू येतो. आईने तो ओट्यावरून उचलून बाजूला ठेवला आणि पोळ्या लाटायला घेतल्या.

पण त्याच्या आतलं सगळं उघडं होतं. कुठलाही प्रोग्राम वाचावा, बदलावा, पुन्हा आत घालावा. "याला कुणाचं कुलूप नाही, मेधा," तू म्हणालास. लहान मुलाने नवं खेळणं दाखवावं तसं तुझं तोंड झालं होतं. त्यात जीपीएसही होतं. आपण गच्चीवर पाण्याच्या टाकीजवळ तो फोन आकाशाकडे धरून उभे राहिलो. बऱ्याच वेळाने त्याला उपग्रह सापडले आणि पडद्यावर एक निळा ठिपका आला. भोवती काहीच नव्हतं, नुसता पांढरा पडदा. आपण कुठे आहोत ते फोनला कळलं होतं. तिथे काय आहे ते त्याला ठाऊक नव्हतं.

नकाशा कुठून आणायचा, या शोधात आपला तो सगळा हिवाळा गेला. गाडीत बसवायच्या यंत्रांबरोबर सीडी मिळायची, पण ती त्याच कंपनीच्या यंत्रात चालायची आणि उघडून बघणंसुद्धा कराराच्या विरुद्ध होतं. सरकारी नकाशे कागदावर होते. त्यांतले कितीतरी आपल्यासारख्यांना मिळत नसत, आणि जे मिळाले त्यांत गुडगाव म्हणजे काही गावं आणि एक रेल्वे स्टेशन. फुटपाथवर विकायला असलेलं दिल्लीच्या नकाशांचं पुस्तक आपण घेतलं, तर पहिल्याच पानावर नक्कल करू नये अशी ताकीद. परदेशातल्या कुठल्याशा विद्यापीठाने मोकळा ठेवलेला डेटा तू मोठ्या उत्साहाने उतरवून घेतलास. त्यात मथुरा रोड ही एक सरळ रेघ होती आणि ती यमुनेच्या पात्रातून गेली होती. त्यावर आपण पोट दुखेपर्यंत हसलो. बाबा वर येऊन विचारून गेले की झालं काय.

शेवटी राहिला तो जगभरच्या हौशी लोकांनी मिळून काढलेला मोकळा नकाशा. ज्याने त्याने आपल्या गावात फिरायचं, जीपीएसने चाललेल्या वाटेचा माग नोंदवायचा, त्यावरून रस्ते काढायचे, आणि ते कुणीही वापरावेत म्हणून देऊन टाकायचे. युरोपातल्या शहरांत लोकांनी बागेतले बाकसुद्धा टाकले होते. आपल्या फरीदाबादच्या जागी काही नव्हतं. नियम एकच, पण कडक. दुसऱ्याच्या नकाशावरून उतरवायचं नाही. आपण स्वतः जे पाहिलं तेच टाकायचं. कारण एकाने जरी उतरवलं तरी मूळ मालक येऊन सगळ्यांचं काम बंद पाडू शकतो.

हा नियम मला तू समजावून सांगितलास, दादा. गच्चीवर, शेंगा सोलत. मला तो आधी जाचक वाटला होता. तू म्हणालास, "बिल्कुल नाही. त्यामुळेच तर तो नकाशा आपला."

त्या दिवसांबद्दल मी तुझी ऋणी आहे, आणि ते लिहितानाही मला राग येतोय. रविवारी सकाळी तू स्कूटर काढायचास, मी मागे बसायचे. फोन तुझ्या शर्टाच्या खिशात, पाठीवरच्या पिशवीत त्याला चार्ज करायची बॅटरी, तिची वायर तुझ्या बगलेखालून. मी पाट्या वाचायचे आणि ओरडून सांगायचे, तू वळायचास. दिल्लीत वाढल्यामुळे आपलं मराठी अर्धं हिंदीत विरघळलेलं. वळणाला तू मोड म्हणायचास, कोपऱ्याला कोना, आणि आई घरी ते ऐकून कपाळाला हात लावायची. अजरौंद्यापासून बल्लभगढपर्यंत, कालव्याच्या कडेकडेने, सेक्टरांच्या आतल्या गल्ल्यांत आपण फिरलो. संध्याकाळी कॉम्प्युटरवर तो माग उमटायचा आणि सकाळच्या पांढऱ्या पडद्यावर एक गल्ली वाढलेली असायची. माझ्या शाळेची गल्ली मी स्वतः काढली. तिला नाव देताना मी स्पेलिंग तीनदा तपासलं आणि तू मला चिडवलं नाहीस.

मंडळाची बस पानिपतला काला अंबला गेली तेव्हाही तू फोन खिशात ठेवून खिडकीशी बसला होतास. स्मारकाजवळ उतरल्यावर तू त्याचा ठिपका टाकलास आणि सगळ्यांसमोर म्हणालास की आपल्या लोकांना इथली वाट ठाऊक असती तर हे स्मारक बांधायची वेळ आली नसती. बाबा म्हणाले, "वाट ठाऊक होती. पोटाला नव्हतं." तू हसून विषय बदललास. तुला कुणी चूक दाखवलेली आवडत नसे, पण बाबांना उलट बोलायची तुझी हिंमत नव्हती. ते माझ्या लक्षात आलं होतं.

आणखी एक गोष्ट तेव्हाच लक्षात यायला हवी होती. कालव्यापलीकडच्या एका अनधिकृत कॉलनीत आपण गल्ल्या नोंदवत होतो. तिथली घरं कधीही पाडली जातील अशी हवा होती. एक बाई दारातून बाहेर आली. तिच्या हातांना पीठ लागलेलं होतं. तिने तुझ्या खिशातली वायर बघितली आणि विचारलं, "सर्वे हो रहा है, भैया? कॉलनी पास हो जाएगी?" मी सांगणार होते की आम्ही सरकारी माणसं नाही. तेवढ्यात तू म्हणालास, "हो जाएगी, आंटी." तिने आपल्याला आत बोलावून सरबत दिलं, शेजारणींना हाक मारून सांगितलं. मी ग्लास तसाच खाली ठेवला. परत येताना मी तुला विचारलं, खोटं का सांगितलंस? तू म्हणालास, तिला आजचा दिवस बरा गेला, तुझं काय गेलं? आपण घरी येईपर्यंत भांडलो. पुढच्या रविवारी पुन्हा स्कूटर काढली. तेव्हा आपली भांडणं तेवढीच टिकायची.

फोन एकच होता, म्हणून त्या नकाशावरचं खातंही एकच उघडलं होतं, तुझ्या नावाचं, अजित म्हणून. मी फिरले ते आणि तू फिरलास ते, सगळं तुझ्या नावावर जमा होत गेलं. मला त्यात वावगं वाटलं नाही. घरच्या रेशनकार्डावरही बाबांचंच नाव होतं.

मग दिल्लीच्या एका कॉलेजात ओपन सोर्सवाल्यांचं संमेलन ठरलं आणि तू त्यात भाषण द्यायचं कबूल केलंस. नुसतं भाषण नाही. दिल्ली, गुडगाव, नोएडा, फरीदाबाद, सगळ्याचा चालता नकाशा त्या फोनवर दाखवीन असं तू लिहून टाकलंस. आपलं निम्मं फरीदाबादसुद्धा झालेलं नव्हतं. मी म्हटलं, जेवढं झालंय तेवढं दाखव. तुला ते कमीपणाचं वाटलं.

त्यानंतर मला माझ्या ऑफिसात नवीन काम आलं, मी शनिवार-रविवारही अडकले. त्या काळात नकाशा भराभरा भरत गेला. गुडगावचे सेक्टर, नोएडाचे सेक्टर, आपल्याच इथले जे राहिले होते ते. तू म्हणालास, मित्रांनी माग पाठवले. मी विश्वास ठेवला. संमेलनात मी पहिल्या रांगेत बसले होते. तू पडद्यावर आधीचा पांढरा चौकोन दाखवलास आणि मग आताचा. लोक उठून टाळ्या वाजवत होते. आई साडी नेसून आली होती, तिला काही कळत नव्हतं, पण तिचे डोळे भरले होते. मला तुझा अभिमान वाटला. तो माझ्या अंगावर अजून आहे, काढून टाकता येत नाही.

पुढच्या मोकळ्या रविवारी मी एकटीच निघाले. नकाशात नव्याने आलेल्या एका सेक्टरात दुकानांची, दवाखान्यांची नावं टाकायची होती. फोन तू मला दिलास. नकाशात बागेच्या मागून एक छोटी गल्ली निघून पलीकडच्या रस्त्याला मिळत होती. तिला नावही होतं. मी तिथे गेले तर बागेमागे पाण्याच्या टाकीचं आवार होतं आणि त्याची उंच भिंत. मी दोनदा फेरी मारली. भिंत जुनी होती, तिच्यातून पिंपळ उगवला होता. बागेत मुलाला झोका देणाऱ्या एका बाईला विचारलं, तर तिने ते नाव कधी ऐकलेलं नव्हतं. मला वाटलं, माग पाठवणाऱ्या मित्राकडून चूक झाली असेल.

सोमवारी ऑफिसातल्या एका सहकाऱ्याच्या गाडीतून मी परतत होते. त्याच्या गाडीत ते विकतचं यंत्र होतं. मी सहज तो सेक्टर काढून बघितला. बागेमागे तीच गल्ली होती. तेच नाव, त्याच वाकड्या स्पेलिंगचं.

नकाशा विकणाऱ्या कंपन्या आपल्या नकाशात मुद्दाम एखादी खोटी गल्ली घालतात, हे तूच मला मागे कधीतरी हसत हसत सांगितलं होतंस. कुणी उतरवून घेतलं तर त्या गल्लीवरून चोर पकडता येतो. मी गाडी थांबवायला सांगितली आणि रस्त्यातच उतरले. सहकाऱ्याला वाटलं मला उलटी होतेय.

मी तुला घरी विचारलं नाही. आईबाबांसमोर ते नको होतं. जुन्या महाराष्ट्र सदनाच्या कँटीनमध्ये आपण साबुदाणा वडा खायला जायचो, तिथे मी तुला बोलावलं. त्या गल्लीचं विचारल्यावर तू नाकारलं नाहीस, त्याचं मला अजून नवल वाटतं. तू वडा खात होतास आणि म्हणालास, हो, सीडी उघडली. एका मित्राने तिचं कुलूप तोडून दिलं. मग रात्रंदिवस बसून काढलं, फार मेहनत होती.

मी म्हटलं, "ही चोरी आहे, दादा."

"कुणाची? रस्ता सरकारने बांधला. आपल्या बाबांनी जन्मभर कर भरला. त्या कंपनीने काय केलं? फिरून पाहिलं फक्त."

"आपणसुद्धा फिरून पाहिलंच फक्त. काम तेवढंच तर आहे."

तू चटणी मागवलीस. मग म्हणालास की तुला सोवळं महत्त्वाचं, मला नकाशा. माणसाला हॉस्पिटल सापडलं पाहिजे, तो रस्ता कुणी मोजला हे तो विचारत नाही. हे मला तेव्हाही पूर्ण चुकीचं वाटलं नव्हतं. म्हणूनच मला जास्त चीड आली. तुझ्याकडे एक खरा मुद्दा होता आणि तो तू स्वतःला झाकायला वापरत होतास.

मी एवढंच मागितलं की तू स्वतः सांग. त्या नकाशाच्या लोकांची ईमेलवरची चर्चा चालायची, तिथे दोन ओळी लिही. चालून काढलेलं कुठलं आणि उतरवलेलं कुठलं, ते आपण दोघं बसून वेगळं करू. कच्चे माग तुझ्या फोनच्या मेमरी कार्डात होते, त्यावरून सगळं सिद्ध करता आलं असतं. तू म्हणालास, "यार मेधा, तू माझी बहीण आहेस की त्यांची?" आणि उठलास. मी बाहेर येईपर्यंत तू स्कूटर सुरू केली होतीस. मी बसने आले.

मी थांबले. तू रोज समोर जेवत होतास, रोज मला वाटायचं आज सांगेल. तू त्या आठवड्यात एका मासिकाला मुलाखत दिलीस.

मग त्या चर्चेत मी लिहिलं. माझ्या नावाने, हा माझा भाऊ आहे असं लिहून. खोट्या गल्लीबद्दल, भिंतीबद्दल. मी ते लिहिल्याचा मला आजही पश्चात्ताप नाही, तुझ्या फोटोसमोर उभी राहूनही झाला नाही. नकाशा सांभाळणाऱ्यांनी अतिशय सभ्य भाषेत तुला विचारलं की कुठला भाग चाललेला आहे, कृपया माग द्या, तेवढा ठेवू. तू उत्तर दिलं नाहीस. मी तुझ्या खोलीच्या दारात उभी राहिले आणि कार्ड मागितलं. तू कॉम्प्युटरवरून मान न वळवता म्हणालास, "पुसलं."

"कधी?"

"आज सकाळी."

म्हणून तुझ्या खात्यावरचं सगळंच त्यांना काढावं लागलं. खरं कुठलं, खोटं कुठलं, कुणाला कळणार होतं? मी ते होताना बघत बसले. आधी गुडगाव गेलं, त्याचं मला काही नव्हतं. मग फरीदाबाद. कालवा गेला, ती कॉलनी गेली, माझ्या शाळेची गल्ली गेली. संध्याकाळपर्यंत पुन्हा तो पांढरा पडदा. चोरी तू केलीस ते मी कदाचित पचवलं असतं. पण माझे सगळे रविवार तुझ्या खिशात होते आणि मला धडा शिकवायला म्हणून तू ते पुसलेस.

घरी तू सांगितलंस की मेधाने जगासमोर माझं नाव घालवलं. ते खरंच होतं, फक्त त्याच्या आधीचं तू सांगितलं नाहीस. बाबा मला म्हणाले, घरातलं घरात ठेवायचं होतंस. आईने ती संमेलनाची साडी पुन्हा नेसलेली मी पाहिली नाही.

तू पुढे गाडीतले नकाशे करणाऱ्याच एका कंपनीत लागलास आणि चढत गेलास. मी नोएडात भाड्याने खोली घेतली. स्वतःचं खातं उघडलं आणि पुन्हा चालायला सुरुवात केली. स्कूटर तुझ्याकडे राहिली, म्हणून पायी, रिक्षाने, पुढे मेट्रो आली तेव्हा मेट्रोने. हळूहळू इतर लोक आले, कॉलेजातली मुलंमुली, एक निवृत्त बँकवाले, त्यांना मी तोच नियम सांगायचे. तो पहिल्यांदा कुणाकडून ऐकला हे सांगायचं टाळायचे. ती कॉलनी मी दुसऱ्यांदा नोंदवली तेव्हा ती बाई तिथे नव्हती. घर होतं, माणसं दुसरी होती.

तुझ्या लग्नात मी आले, फोटोत उभी राहिले. वहिनी इंदूरची, तिला आपल्यातलं कुणी काही सांगितलं नसावं, ती मला सारखी तुझ्या शेजारी ढकलत होती. दिवाळीला आपण एकमेकांच्या ताटात काय वाढायचं तेवढं बोलायचो. एकदा बाबांच्या पंच्याहत्तरीच्या जेवणात तू पाहुण्यांना सांगत होतास की फरीदाबादचा पहिला मोकळा नकाशा मी केला. मी समोर होते. मी म्हटलं, पुसलाही त्यानेच. बाबांनी हातातला घास खाली ठेवला. त्यानंतर आपण दिवाळीलाही बोललो नाही.

बाबांच्या पहिल्या श्राद्धानंतर तू मला मेट्रो स्टेशनपर्यंत सोडायला निघालास. वहिनीने जबरदस्ती केली म्हणून. तू गाडी सुरू केलीस आणि फोन समोर अडकवलास. पडद्यावर नकाशा आला. तुझ्या कंपनीचा नव्हता तो. आमचा होता. रंगावरून मी लगेच ओळखला. तुझ्या सोसायटीच्या मागचा रस्ता मी पावसाळ्यात चिखलातून चालून काढलेला होता, चप्पल तुटली होती, तो रस्ता आता तू मुकाट्याने वापरत होतास. मला तुझ्या तोंडून ऐकायचं होतं. स्टेशन आलं. मी दार उघडलं तेव्हा तू समोर बघत म्हणालास, "ठीक आहे नकाशा."

"ठीक आहे?"

"हां. चांगला आहे. चलो, मागे गाड्या लागल्यात."

तेवढं मला मिळालं, दादा. इतक्या वर्षांनी मला तेवढं मिळालं, आणि तेही मागच्या गाड्यांच्या हॉर्नमध्ये. मी प्लॅटफॉर्मवर उभी राहून तुला जे जे बोलायचं ते सगळं मनात जुळवलं. पुढच्या भेटीत बोलणार होते. तू ऑफिसच्या लिफ्टमध्ये कोसळलास.

तू गेल्यावर त्या जुन्या संमेलनातला तुझा एक मित्र आला होता. त्याने मला बाजूला घेऊन सांगितलं की अजितला आतून खूप लागलं होतं, तो दुसऱ्या नावाने पुन्हा नकाशात भर घालत असावा, बघ. मला ते खरं असावंसं वाटलं, हे कबूल करते. मी घरी येऊन शोधलं. तुझ्या सोसायटीच्या आसपास, तुझ्या ऑफिसच्या रस्त्यावर, वहिनीच्या माहेरी इंदूरला, प्रत्येक बदल कुणी केला ते दिसतं. सगळी माणसं माझ्या ओळखीची निघाली किंवा तू असणं शक्य नव्हतं अशी. तू काही केलं नव्हतंस. एक गल्लीसुद्धा नाही.

काल दुपारी मी वहिनीकडे गेले. भेटायला येणारे पांगले होते. ती ओट्यापाशी उभी राहून दूध तापवत होती आणि तिने मागे न बघता विचारलं की मी रडत का नाही.

मी खरं सांगितलं. "मी त्याच्यावर चिडलेय."

तिने गॅस बंद केला. मला वाटलं आता ती मला घालवून देईल. ती म्हणाली, "मग बस. सगळे येतात आणि देवमाणूस, देवमाणूस करतात. मला माझा नवरा ओळखू येईनासा झालाय. तू सांग काय झालं होतं ते. त्याने मला कधी धड सांगितलं नाही."

मी सगळं सांगितलं. भिंत, सीडी, वडा, कार्ड. काही वगळलं नाही, तुझ्या बाजूचा तो हॉस्पिटलचा मुद्दाही सांगितला. तिने शांतपणे ऐकलं. तुझं चुकलं असं ती म्हणाली, फार वाईट चुकलं असंही म्हणाली. मग ती दुधावरची साय बाजूला करत थांबली आणि म्हणाली, "पण मेधा, तुझं खरं काम त्यात जाऊ शकतं हे तुला लिहिण्याआधी माहीत होतं ना? त्याच्या खोट्यापायी तुझं खरं गेलं तरी तुला चाललं. मग तुला वाचवायचं काय होतं?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न तू मला विचारला नाहीस. तू रस्ते कुणाचे विचारलंस, बहीण कुणाची विचारलंस. हा विचारला असतास तर आपण त्या कँटीनमध्ये संध्याकाळपर्यंत बसलो असतो.

माझ्याकडे उत्तर आहे. पुष्कळ वर्षांपासून आहे, नीट जुळवलेलं, एकेक शब्द घासून ठेवलेलं. वहिनी वाट बघत उभी होती. मी तोंड उघडलं आणि मला कळलं की हे तिला सांगून काही उपयोग नाही, ती लगेच मान्य करेल. ते ऐकायला समोर तू हवास. चिडलेला, हट्टी, माझं वाक्य मध्येच तोडणारा.

मी तिला म्हटलं, दूध दे, निवतंय.